मोजे आधी, नाव नंतर: बेसबॉलच्या जर्सीची जुनी भानगड

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, कळंगुटच्या टपऱ्यांवर, ती टोपी हमखास दिसते. गडद निळं नाहीतर काळं कापड आणि पुढे एन आणि वाय ही अक्षरं एकमेकांत अडकवलेली. घालणाऱ्याला बऱ्याचदा पत्ताही नसतो की ही बेसबॉलच्या यांकीज टीमची टोपी. पण त्याची तरी काय चूक, खुद्द यांकीजच्या होम जर्सीवर आजही यांकीज हा शब्द सापडत नाही, तिथेही तेच एन-वाय. आणि ते चिन्ह मुळात टीमसाठी काढलेलंच नव्हतं, १८७७ साली टिफनी या दागिनेवाल्यांनी न्यूयॉर्कच्या एका जखमी पोलिसाला द्यायच्या मेडलसाठी ते डिझाइन केलं होतं, टीमनं नंतर उचललं. पांढऱ्यावर बारीक उभे पट्टे, त्यांचाही नावाशी काही संबंध नाही. त्यांचा स्टार खेळाडू बेब रुथ बारीक दिसावा म्हणून पट्टे घातले ही गोष्ट तर थापच, पट्टे १९१२ साली आले आणि रुथ १९२० साली.

म्हणजे जगातली सगळ्यात ओळखीची बेसबॉल टीम नावाला शोभेल असं काहीच अंगावर घालत नाही आणि कुणाचं काही अडत नाही. तरीपण जर्सी नावाला साजेशी असावी की नसावी हा वाद कुठल्याही टीमनं कपडे बदलले की हटकून निघतो. त्या वादात सगळे एक गोष्ट धरून चालतात, की आधी नाव ठरतं आणि मग त्याप्रमाणे कपडे शिवले जातात. बेसबॉलमध्ये सुरुवात बरोबर उलटी झालेली आहे.

सिनसिनाटी, १८६९. उघडपणे सगळ्याच्या सगळ्या खेळाडूंना पगार देणारी पहिली टीम ही. कॅप्टन हॅरी राइट, जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा आणि मूळचा क्रिकेटवाला, क्रिकेट क्लबचा पगारी प्रोफेशनल म्हणून काम केलेला माणूस. त्या काळी बेसबॉल खेळणारे पायघोळ पँटी घालायचे, आणि या लोकांनी गुडघ्यापर्यंतच्या तुमानी घातल्या आणि खाली लालभडक लांब मोजे. पोटऱ्या अशा सगळ्यांसमोर दाखवायच्या म्हणजे त्या जमान्यात थोडं आगाऊच. पण टीम त्या वर्षी एकही मॅच हरली नाही, गावोगावी फिरली, आणि लोक त्यांना मोज्यांवरूनच ओळखायला लागले, रेड स्टॉकिंग्ज. नावाला शोभणारे कपडे कसले, कपडे हेच नाव.

मग काय, लाटच आली. शिकागोची व्हाइट स्टॉकिंग्ज, सेंट लुईसची ब्राउन स्टॉकिंग्ज, आणि १८७१ साली राइट साहेब बॉस्टनला गेले ते खेळाडू, मोजे आणि नाव असं सगळं बरोबर घेऊनच गेले, तिथेही रेड स्टॉकिंग्ज. १८८२ साली नॅशनल लीगनं तर कमालच केली. प्रत्येक शहराला मोज्यांचा रंग वाटून दिला, बॉस्टनला लाल, शिकागोला पांढरा वगैरे, आणि शर्टाचा रंग मात्र खेळाडू कुठल्या जागेवर खेळतो त्यावरून. म्हणजे दोन्ही टीमच्या पिचरचे शर्ट एका रंगाचे, दोन्ही कॅचरचे दुसऱ्या. कोण कुठल्या बाजूचा हे कळायला पायाकडे बघायचं! धावता धावता आपला माणूस कोण ते ओळखताना काय तारांबळ उडत असेल, विचार करा. सीझन संपायच्या आतच ते प्रकरण गुंडाळलं.

मोज्यांवरून पडलेल्या नावांत बॉस्टनचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. पुढे बॉस्टनमध्ये दोन टीम झाल्या, जुन्या नॅशनल लीगची एक, तिच्याकडे लाल मोजे, आणि १९०१ साली सुरू झालेल्या अमेरिकन लीगची दुसरी. १९०७ च्या सुमारास अशी भीती पसरली की बुटाच्या खिळ्यांनी पोटरी फाटली आणि मोज्याचा लाल रंग जखमेत उतरला तर सेप्टिक होईल. म्हणून जुन्या टीमनं लाल सोडून पांढरे मोजे घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या टीमचा मालक जॉन टेलर टपूनच बसला होता जणू, त्यानं लगेच लाल उचलला आणि १९०८ पासून त्याची टीम झाली रेड सॉक्स. त्या वर्षीच्या जर्सीवर छातीवर चक्क एका लाल मोज्याचं चित्र, त्यात बॉस्टन लिहिलेलं. म्हणजे एवढं जगप्रसिद्ध नाव, ते दुसऱ्यानं सेप्टिकच्या भीतीनं टाकून दिलेल्या रंगातून आलं. (याच भीतीतून खाली पातळ पांढरा मोजा आणि वर रंगीत, पट्टीसारखा तळव्याखालून जाणारा, असे दोन मोजे घालायची पद्धत रुळली, ती बेसबॉलमध्ये खूप वर्षं टिकली.)

शिकागोच्या अमेरिकन लीगवाल्या नव्या टीमनं जुनं व्हाइट स्टॉकिंग्ज नाव उचललं, त्यातल्या स्टॉकिंग्जचं सॉक्स पेपरवाल्यांनी केलं, हेडिंगमध्ये जागा पुरत नव्हती म्हणून. आणि हेच व्हाइट सॉक्स १९७१ ते १९७५ लाल टोपी, लाल अक्षरं, लाल पट्टे घालून खेळले. तेव्हा जर कुणी विचारलं असतं की नावाला शोभतं का, तर उत्तर सोपं होतं, नाही.

सेंट लुईसची गोष्ट आमच्या गोव्यातल्या वाचकाला जरा जवळची वाटेल. टीमनं १८९९ साली ब्राउन सोडून लाल किनार आणि लाल मोजे घेतले, आणि स्टँडमध्ये बसलेल्या एका बाईच्या तोंडून, अय्या काय सुंदर कार्डिनल शेड आहे, असं काहीतरी एका बातमीदारानं ऐकलं आणि छापायला सुरुवात केली, अशी गोष्ट सांगतात. १९०० पर्यंत नाव पक्कं, कार्डिनल्स. कार्डिनल म्हणजे तो चर्चमधल्या कार्डिनलच्या झग्याचा लाल, २०२२ साली आपले आर्चबिशप फिलीप नेरी फेर्रांव कार्डिनल झाले तेव्हा सगळ्या पेपरांत दिसला तोच. पक्ष्याचा तेव्हा पत्ताच नव्हता. १९२१ साली टीमचे मॅनेजर ब्रँच रिकी सेंट लुईसजवळच्या फर्ग्युसन गावात एका चर्चच्या कार्यक्रमात भाषणाला गेले, तिथे एका मुलीनं टेबलं सजवायला पुठ्ठ्याचे लाल कार्डिनल पक्षी कापून ठेवले होते. रिकींना ते इतके आवडले की त्यांनी चौकशी केली, मुलीचे वडील छपाईच्या धंद्यात डिझाइनचं काम करणारे निघाले, आणि १९२२ साली बॅटवर बसलेले दोन पक्षी जर्सीवर आले. आज बघणाऱ्याला वाटतं पक्ष्यावरून टीमचं नाव. पण आधी रंग, मग नाव, आणि पक्षी वीसेक वर्षांनी.

बाल्टिमोरच्या ओरिओल्सचं याच्याही वरताण. अमेरिकेतल्या त्या काळ्या-केशरी पक्ष्याला बाल्टिमोर ओरिओल म्हणतात कारण त्याचे रंग लॉर्ड बाल्टिमोर घराण्याच्या ढालीवरच्या काळ्या-सोनेरी रंगांसारखे दिसले. मग त्या पक्ष्यावरून टीम आणि टीमच्या जर्सीवर पुन्हा काळा-केशरी. ढालीवरून पक्ष्यावर आणि पक्ष्यावरून परत कापडावर, गोल फिरून आलं सगळं.

तसं बघितलं तर अमेरिकन बेसबॉलमध्ये चर्चचा अख्खा स्टाफ आहे. कार्डिनल्स आहेत, एंजल्स आहेत (१९६१ च्या त्यांच्या टोपीवर वरच्या बाजूला खरोखर देवदूताची चंदेरी कडी काढलेली होती), आणि सॅन डिएगोचे पाद्रेस आहेत. सॅन डिएगोत १७६९ साली फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी मिशन उभारलं, त्यावरून हे नाव. १९६९ साली ही टीम मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, आली तेव्हा रंग निवडला ब्राउन आणि सोनेरी, ब्राउन म्हणजे फ्रान्सिस्कनांच्या झग्याचा. ओल्ड गोव्यातलं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च, ज्याच्या जुन्या कॉन्व्हेंटमध्ये आता आर्किऑलॉजिकल म्युझियम आहे, ते त्याच फ्रान्सिस्कन लोकांचं. तेव्हा तो जाडाभरडा तपकिरी झगा आणि कंबरेला दोरी हे चित्र आम्हाला काय वेगळं सांगायला नको. सॅन डिएगोचं चिन्हही तेच, दोरी बांधलेला गुबगुबीत पाद्री हातात बॅट घेऊन जोरात फिरवतोय.

आता ब्राउन हा काही खेळाच्या मैदानावर दिमाखदार दिसणारा रंग नाही, लोक हसायचे त्याला, सत्तरच्या दशकातल्या त्या ब्राउन-पिवळ्या जर्सी बघितल्या तर का हसायचे तेही कळतं. १९९१ साली मालक लोकांनी ब्राउन काढून नेव्ही ब्लू आणि केशरी आणला, मग वाळूचा रंग, मग नुसता निळा, असे प्रयोग चालू राहिले. दिसायला ठीकच, पण निळ्या पांढऱ्यात डझनभर टीम असतात, त्यात ही एक. चाहते वर्षानुवर्षं ब्राउन परत आणा म्हणून मागे लागले होते आणि शेवटी २०२० साली आणला. माझ्या मते हा एकच किस्सा पुरेसा आहे जुळवाजुळवीच्या बाजूनं बोलायला. इथे रंग नावातून आला, कुरूप म्हणून टाकला गेला, आणि मग लोकांना कळलं की आपलं म्हणावं असं तेवढंच एक होतं.

कधी नावच कपड्यांवरून उतरवावं लागतं. सिनसिनाटीच्या टीमचं नाव छोटं होऊन रेड्स झालं होतं, आणि पन्नासच्या दशकात अमेरिकेत रेड म्हटलं की कम्युनिस्ट. कम्युनिस्ट शोधत फिरणाऱ्या सेनेटर मॅकार्थीचा जमाना, साध्या माणसांवर संशय घेतला जायचा. तर १९५३ साली टीमनं स्वतःला रेडलेग्ज म्हणवून घेतलं, १९५६ साली जर्सीवरच्या सी अक्षराच्या पोटातला रेड्स हा शब्दही काढला, तो १९६१ ला परत आला. मोजे मात्र लालच हां. रशियाची भीती शब्दापुरतीच होती असं दिसतं. फिलाडेल्फियावाल्यांनी १९४४ मध्ये नावासाठी स्पर्धा घेऊन ब्लू जेज हे नाव निवडलं, बाहीवर पक्षी लावला, पण छातीवर फिलीज तसंच ठेवलं, लोकांनी अर्थातच नवीन नाव मनावर घेतलं नाही.

साठ-सत्तरच्या दशकात कलर टीव्ही आला, नंतर पॉलिस्टरचं ताणलं जाणारं कापड आलं, आणि मग रंगांना कुणी धरबंद ठेवला नाही. अॅथलेटिक्स नावाच्या टीमचा मालक चार्ली फिनलीनं १९६३ मध्ये टीमला हिरवं-सोनेरी केलं, पुढे पांढरे बूट दिले, नावाशी काहीएक संबंध नसताना, आणि आज तो हिरवाच त्यांची ओळख आहे. ह्यूस्टनच्या टीमचं आधीचं नाव एका पिस्तुलावरून होतं आणि छातीवर पिस्तुलाचं चित्र, मग १९६५ ला अंतराळावरून अॅस्ट्रोज झाले आणि १९७५ ला छातीपोटावर पिवळ्या-केशरी-लाल पट्ट्यांची ती जर्सी. अंतराळाशी तिचा काय संबंध ते देव जाणे, पण जुन्या जर्सींचा विषय निघाला की तिचं नाव निघतंच.

मग न जुळण्याचा त्रास नेमका कधी होतो? टोरांटोचं बघा. नाव ब्लू जेज, म्हणजे नावातच निळा. २००४ साली त्यांनी काळा आणि करडा पुढे केला, निळा नावापुरता, आणि छातीवरून ब्लू शब्दही गेला, नुसतं जेज उरलं. त्या काळात काळा रंग सगळ्यांनाच हवा होता, विकला जातो म्हणून. २०१२ मध्ये सरळ जुन्या निळ्यावर परत आले आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. वाघ, पाद्री, राक्षस काहीही नाव घ्या, कपडे कुठलेही घाला, चालून जातं. पण नावात रंगाचा शब्द असेल तर तो पाळावाच लागतो, नाहीतर रोज खोटं बोलल्यासारखं होतं. मोज्यांवरून नाव पडलेल्यांनाही हेच लागू. म्हणूनच २०२१ साली नाइकीच्या सिटी कनेक्ट या शहरावर बेतलेल्या जर्सींच्या सिरीजमध्ये रेड सॉक्स पिवळ्या-निळ्या जर्सीत उतरले तेव्हा आधी बराच गलका झाला. रंग बॉस्टन मॅरेथॉनचे होते, म्हणजे शहराशी जुळणारे पण टीमच्या नावाशी भांडणारे. जर्सी जोरात खपली ती गोष्ट वेगळी.

जपानात हिरोशिमाची कार्प टीम आहे, नाव माशावरून, टोपी आधी नेव्ही ब्लू. १९७५ साली जो लुट्झ नावाचा अमेरिकन मॅनेजर आला, त्याला लढाऊ रंग हवा होता म्हणून टोपी लाल केली. स्वतः सीझनच्या सुरुवातीलाच भांडण होऊन निघून गेला, पण टीमनं त्याच वर्षी पहिल्यांदा लीग जिंकली आणि मग तो लाल बदलायची कुणाची टाप आहे?

गोव्यात बेसबॉल नाही, पण फुटबॉलमध्ये हेच सगळं आमच्यासमोर घडलेलं आहे. चर्चिल ब्रदर्सला रेड मशीन्स म्हणतात ते शर्टावरून, स्पोर्टिंग क्लब द गोवाला फ्लेमिंग ओरांज म्हणतात तेही शर्टावरूनच, अगदी सिनसिनाटीच्या मोज्यांसारखं. एफसी गोवाचं मात्र उलटं. टोपणनाव गवे, लोगोत गवा, राज्याचा प्राणीच तो, आणि अंगावर भगभगीत केशरी. सत्तरी-सांग्यात कुळागरात घुसलेला गवा ज्यानं बघितलाय त्याला माहीत आहे की केशरी गवा कुठेच नसतो, काळपट तपकिरी अंग आणि गुडघ्याखाली चारही पाय पांढरे, म्हणजे गवा हा खरा जन्मजात व्हाइट सॉक्स. फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये या न जुळण्याबद्दल कुरकुर करताना मला तरी कुणी भेटलेलं नाही, केशरीची सवय झाली आहे आणि तोच राहू दे. पण तिसऱ्या किटसाठी तपकिरी शर्ट आणि पांढरे मोजे एकदा करून बघायला काय हरकत आहे, सॅन डिएगोवाल्यांचा ब्राउन तरी आता बरा चाललाय.