रावेरची केळी आणि सेन्सरची लांब वायर

रावेर-यावल पट्ट्यात केळी पिकवायच्या चेंबरचं तापमान साधारण 16 ते 18 अंशांत ठेवतात. 13च्या खाली उतरलं की साल काळवंडते. त्यामुळे आपल्याकडचा हौशी माणूस चेंबरसाठी तापमान मोजणारं सर्किट जुळवायला बसला, की दोन अंशांची चूक त्याला परवडत नाही. शिवाय सेन्सर आत आणि बोर्ड बाहेर, म्हणजे मधे दहा-पंधरा मीटर वायर आलीच. खरी गोम तिथेच आहे, आणि ती दीडशे वर्षं जुनी आहे.

सीबेकने 1821मध्ये थर्मोकपलचा, म्हणजे दोन धातूंच्या जोडावरून तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा, पाया घातला. सिल्व्हर सल्फाइड तापलं की त्याचा विजेला होणारा रोध घटतो, हे फॅरेडेने 1833मध्ये पाहिलं. तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या थर्मिस्टरचं मूळ ते. पण आपल्या कामाचा माणूस विल्यम सीमेन्स. 1860च्या सुमारास समुद्राखालून टाकायच्या टेलिग्राफ तारेची वेटोळी जहाजाच्या पोटात तापत. आत थर्मामीटर घालणार कसा? त्याने तारेच्या रोधावरून तापमान काढलं. 1871मध्ये त्याने त्यासाठी प्लॅटिनम सुचवलं आणि पुढे ह्यू कॅलेंडर या शास्त्रज्ञाने ते भरवशाचं केलं. आजचा पीटी100 हा प्लॅटिनमचा सेन्सर त्याच घराण्यातला: शून्य अंशाला 100 ओहम, पुढे अंशामागे सुमारे 0.385. जोडवायरीचाच रोध एक ओहम भरला तर आकडा अडीच अंशांनी चढतो. तिसरी वायर देतात ती हा हिशेब वजा करायला.

एलएम35 ही सेन्सरची चिप स्वस्त आणि सरळ, अंशाला 10 मिलिव्होल्ट. टेबलावर झकास चालते. लांब वायरीवर मात्र शेजारचा कंप्रेसर सुरू झाला की आकडे नाचतात. डीएस18बी20 हा डिजिटल सेन्सर आकडा स्वतःमध्येच तयार करून पाठवतो, आणि प्रत्येकाला स्वतःचा 64 बिटांचा क्रमांक असल्याने एकाच वायरीवर अनेक बसतात. चेंबरसाठी मी डोळे झाकून हाच घेईन. डीएचटी11 हा सेन्सर नको: चूक दोन अंशांपर्यंत, मर्यादा 50 अंश. मे महिन्यात भुसावळच्या पत्र्याखाली ती कधी ओलांडेल सांगता येत नाही.

डीएस18बी20च्या डेटा आणि पॉझिटिव्ह वायरींमधे 4.7 किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. स्क्रीनवर अचानक 85 दिसले तर ऊन नव्हे, तो सेन्सर चालू होतानाचा ठरलेला आकडा. मोजणी झालेलीच नसते. वायरींच्या रंगांवरही विसंबू नका, मीटर लावून बघा. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे जोडले, तर हाच सेन्सर बोटाला चटका देतो.