चौपदरी रस्त्यावरची डबल ट्रॉली

मराठवाड्यात रस्ता उशिरा आला. निजामाच्या राज्यात 1932 साली 27 गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली खरी, पण बहुतेक खेड्यांच्या वाट्याला गाडीवाट आणि पावसाळ्यातला चिखलच. गावोगावच्या रस्त्यांची कामं धडाक्यात निघाली ती 1972 च्या दुष्काळात. हाताला काम हवं म्हणून माणसं खडी फोडत होती, मुरूम टाकत होती. पुढे 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. यातले बरेच रस्ते जुन्या गाडीवाटेवरूनच गेले. कुणाच्या बांधाला वळसा, ओढ्यावर अरुंद पूल. बैलगाडीला ते पुरेसं होतं. मग डांबर पडलं, वेग वाढला, वळणं तशीच राहिली.

त्याच दुष्काळानंतर बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्याही वाढल्या. मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टरवर निघायचं. ट्रॉलीत संसार, लेकरं, शेळ्यासुद्धा. ट्रॉली मालासाठी असते हे पोलिसांना कळतं, मुकादमालाही कळतं. 2025 च्या एप्रिलमध्ये नांदेडजवळ आलेगावला मजुरांची ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळून सात बाया गेल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातून हळदीच्या कामाला आल्या होत्या.

हंगामात रात्रीचा धोका वेगळाच. ट्रॉलीच्या फाळक्याबाहेर लोंबणारा ऊस मागचे दिवे झाकतो, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. चालकाने बघून ब्रेक दाबेपर्यंत एखादा सेकंद सहज जातो, नंतर कोरड्या रस्त्यावरही थांबायला 35 मीटर लागतात. डिपरच्या उजेडात बिनदिव्याची ट्रॉली दिसते तेव्हा बहुधा तेवढं अंतर उरलेलं नसतं. त्यात ॲक्सल तुटून ट्रॉली रस्त्यातच उभी राहिली, तर चाकामागे दगड लावतात. दुरुस्ती झाली की ट्रॉली जाते, दगड तिथंच. पुढचा बळी दुचाकीवाला.

आता धुळे-सोलापूर चौपदरी झाला, तुळजापूरहून लातूर-नांदेडकडे जाणारा रस्ता रुंदावला, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून समृद्धी महामार्ग गेला. समृद्धीवर ट्रॅक्टरला मनाई आहे, बाकीच्या हमरस्त्यांवर मात्र 100 च्या वेगाची कार आणि 20 च्या वेगाची डबल ट्रॉली, म्हणजे एका ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या, एकाच लेनमध्ये. डिव्हायडरचा कट दोन किलोमीटर लांब असला की शेतकरी उलट्या बाजूनेच शेत गाठतो. त्याला दोष द्यावा, पण सर्व्हिस रोड न देणाऱ्यालाही द्यावा. मागून आदळण्याचं संकट समृद्धीवरही टळलेलं नाही: 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री वैजापूरजवळ भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून धडकला आणि 12 जण ठार झाले.

आपल्याकडच्या फिर्यादीत वाक्य ठरलेलं: ‘वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून’. एवढं लिहिलं की वळण, कट, दिवे यांची चौकशी बहुतेकदा होत नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा, त्याचाही भर चालकावरच. 2019 च्या दुरुस्तीने कलम 198अ आलं. सदोष रस्त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर ठेकेदार, सल्लागार किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला संरक्षण देणारं 134अ त्याच दुरुस्तीतलं. गाळपाआधी कारखान्याच्या गेटवर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावण्याची मोहीमही निघते. पट्टी दोन-चार खेपांत चिखलाखाली जाते आणि ती पुसायचं काम नेमकं कुणाचं, हे ड्रायव्हर, मुकादम आणि कारखाना यांच्यात अजून ठरलेलं नाही.