मुंगी अख्खी दिसावी म्हणून

सूक्ष्मदर्शकातून टिपलेला मधमाशीच्या चेहऱ्याचा आजचा एखादा फोटो घ्या. संयुक्त डोळ्यातला एकेक षटकोन मोजता येतो, त्या षटकोनांच्या मधून उगवलेले केस दिसतात, आणि मिशीच्या टोकापासून मानेपर्यंत सगळे सारखेच रेखीव असते. पाहणारा भिंगाचे कौतुक करतो. पण असे चित्र कोणतेही भिंग एका वेळी दाखवू शकत नाही. ते शेकडो फोटोंमधून जुळवलेले असते. ही जुळवाजुळव संगणकाच्या काळातली आहे असे वाटते खरे, पण किड्याचे पहिले गाजलेले सूक्ष्मचित्रही जुळवलेलेच होते. तेव्हा ते काम माणसाचा हात करत होता.

आधी अडचण काय आहे ते पाहू, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो. बारीक तपशील दिसायला हवे असतील तर भिंगाने वस्तूवरून येणारा प्रकाश रुंद कोनातून गोळा करावा लागतो. रुंद कोनातले किरण एका पातळीवर नेमके जुळतात आणि त्या पातळीच्या जरा पुढे-मागे गेले की लगेच विस्कटतात. त्यामुळे भिंग जितके तीक्ष्ण, तितका फोकसचा थर पातळ. कीटकांच्या फोटोंसाठी वापरतात तशा एका चांगल्या दहापट ऑब्जेक्टिव्हला (वस्तूकडच्या टोकाच्या भिंगाला) साधारण १ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, तपशील दिसतो, पण फोकसचा थर असतो जेमतेम ३.५ मायक्रॉनचा. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा विसावा हिस्सा धरा. मधमाशीचा चेहरा पुढून मागे २ मिलिमीटर खोल असला, तर त्याचे पावणेसहाशे थर होतात आणि एका वेळी दिसतो त्यातला एक. प्रकाश आत येण्याचे भिंगाचे छिद्र लहान करून थर जाड करता येतो, पण मग प्रकाशाचे विवर्तन, म्हणजे छिद्रातून जाताना त्याचे पसरणे, तपशील पुसून टाकते. जर्मनीतल्या येनाच्या एर्न्स्ट आबे या भौतिकशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाची ही मर्यादा गणितात मांडली. तिला वळसा घालता येतो, पण ती मोडता येत नाही.

आबेच्या कितीतरी आधी लोकांना हे हाताने कळले होते. सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने काढून छापलेले पहिले चित्र मधमाशीचे समजले जाते. १६२५ मध्ये रोममध्ये फ्रान्चेस्को स्तेल्लुतीने ते काढले. पोप आठवा अर्बन ज्या बार्बेरीनी घराण्यातला, त्याच्या राजचिन्हावर तीन माश्या होत्या, म्हणून हे चित्र त्याला अर्पण केले होते. ‘सूक्ष्मदर्शक’ या अर्थाचा मूळ शब्दही त्याच वर्षी, स्तेल्लुतीच्याच विद्वान मंडळींतल्या जोव्हान्नी फाबेरने घडवला. म्हणजे या यंत्राचे बारसे झाले तेव्हा समोर किडाच होता.

खरी गोष्ट सुरू होते ती १६६५ मध्ये, रॉबर्ट हुक या इंग्लिश शास्त्रज्ञाच्या ‘मायक्रोग्राफिया’ या पुस्तकाने. दोन-तीन मिलिमीटरची पिसू त्यात घडी उलगडावी लागेल एवढ्या मोठ्या, सुमारे ४५ सेंटिमीटरच्या पानावर पसरली आहे. कवचाच्या पट्ट्या, पायांवरचे काटे, सगळे स्पष्ट. हुकच्या भिंगाला हे एका नजरेत दिसणे शक्यच नव्हते. त्याने प्रस्तावनेत आपली पद्धत सांगून ठेवली आहे: वेगवेगळ्या उजेडात, त्या उजेडाशी वेगवेगळ्या कोनांत ठेवून पुन्हा पुन्हा तपासल्यावर वस्तूचा खरा आकार मनाशी पक्का झाला की मगच कागदाला पेन्सिल लावायची. ही सावधगिरी त्याला माशीच्या डोळ्यांनी शिकवली. एका उजेडात ते बारीक भोके पाडलेल्या जाळीसारखे दिसत, उन्हात सोन्याचे खिळे ठोकलेल्या पृष्ठासारखे, जागा बदलली की पिरॅमिडांसारखे, आणखी बदलली की शंकूंसारखे. एकच डोळा आणि चार रूपे. मग चितारायचे कोणते? आजही कीटकांचे फोटो काढणारा माणूस कॅमेऱ्यापेक्षा जास्त वेळ उजेडाशी झटतो, त्याचे कारण हेच. दिवा थेट पडला तर चकचकीत कवचावर पांढरे डाग उठतात आणि खालचा सगळा पोत हरवतो, म्हणून किड्याभोवती पातळ कागदाचा किंवा दुधी प्लॅस्टिकचा डिफ्यूजर लावतात. हुकने दिव्यापुढे मिठाच्या पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून उजेड एकवटला होता. गरज तीच होती, हाताशी असलेले सामान निराळे.

मुंगीने मात्र त्याला पुरते छळले. पाय मेणात किंवा सरसात रोवले तर ती अंग असे पिळायची की काही धड दिसू नये, आणि मारली तर तिचे इवलेसे शरीर बघता बघता सुकून आकसायचे. शेवटी त्याने तिला ब्रँडीत बुडवले. ती निपचित पडली. त्याने तिला हवी तशी मांडली आणि चित्र काढले. तासाभराने ती एकाएकी शुद्धीवर आली आणि पळून गेली. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. कीटकांच्या सूक्ष्मचित्रणातले सगळे पेच त्या एका मुंगीत आहेत: जिवंत असेल तर हलते, मेली तर रूप बदलते.

पुढच्या शतकात अशी सूक्ष्मदर्शके आली की अंधाऱ्या खोलीच्या खिडकीला आरसा लावून सूर्याचा झोत आत घ्यायचा आणि किड्याची प्रतिमा भिंतीवर पाडायची. त्या झोताच्या वाटेत प्रकाशाला संवेदनशील कागद धरणे ही पुढची पायरी होती, आणि इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने ती गाठली. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि १८४० च्या सुमाराचे त्याने घेतलेले कीटकांच्या पंखांचे सूक्ष्मचित्र आजही उपलब्ध आहे. पंखच का, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पंख पारदर्शक असतो आणि चपटा असतो, त्यामुळे तो जवळजवळ सबंध एका थरात मावतो.

इथे एक गोष्ट हातची गेली. कॅमेरा हुकच्या मानाने जास्त प्रामाणिक होता, पण त्याच्याकडे हुकची स्मृती नव्हती. हुक भिंग खाली-वर करत जे जे पाहिले ते डोक्यात साठवून एका चित्रात उतरवायचा. कॅमेऱ्याला एक क्षण आणि एक थर मिळे, बाकी सगळे धुके. म्हणून पुढची कित्येक दशके किड्यालाच चपटे करण्याकडे कल राहिला. किडा दाहक पोटॅशमध्ये ठेवून आतले मांस विरघळवायचे, उरलेले कवच काचपट्ट्यांमध्ये दाबायचे आणि कॅनडा बाल्समच्या डिंकात कायमचे बसवायचे. लंडनच्या टॉपिंग घराण्याने तयार केलेल्या माशीच्या सोंडेच्या स्लाइड्स एकोणिसाव्या शतकात नावाजलेल्या होत्या, आणि त्या खरोखर देखण्या आहेत. पण ती सोंड माशी ज्या रूपात वापरते त्या रूपात त्यांत दिसत नाही, हेही मानायला हवे. पुस्तकात दाबून ठेवलेले फूल आणि वेलीवरचे फूल यांत जे अंतर, तेच इथे आहे.

त्या काळात किड्यांनी भिंगाची परतफेडही केली. फुलपाखरांच्या पंखांवरचे खवले आणि पोड्युरा नावाने ओळखल्या जाणाऱ्या इवल्याशा, उड्या मारणाऱ्या जीवाचे खवले यांच्यावर इतक्या बारीक रेघा-खुणा असतात की ऑब्जेक्टिव्ह चांगले की वाईट, हे त्या दिसतात की नाही यावरून ठरे. भिंगे घडवणारे कारागीर हे खवले कसोटीच्या दगडासारखे वापरत. आजच्या वर्गीकरणात पोड्युराला कीटकांत धरत नाहीत, पण भिंगांच्या इतिहासात त्याची जागा पक्की आहे.

फोटोग्राफीचे ऋण तर याहून मोठे. १८५१ पासून चालत आलेल्या ओल्या कोलोडियनच्या (इथर मिसळलेल्या चिकट द्रवाच्या) पद्धतीत काच ओली असतानाच फोटो काढून ती धुवावी लागे, आणि सगळ्या खोलीभर इथरचा वास भरे. रिचर्ड लीच मॅडॉक्स हा इंग्लिश डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून फोटो काढण्यात नाणावलेला होता. त्या वाफांचा त्याच्या प्रकृतीला त्रास होऊ लागला, म्हणून तो पर्याय शोधू लागला, आणि १८७१ मध्ये त्याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना छापून सर्वांसाठी मोकळी केली. पुढे इतरांनी ती सुधारली आणि फिल्मचे सगळे युग या जिलेटिनवर उभे राहिले. घरोघरच्या जुन्या अल्बममधल्या कृष्णधवल फोटोंचे मूळ शोधत गेले तर वाटेत एक सूक्ष्मदर्शक लागतो, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

या शतकातली आणखी एक करामत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. व्हिएन्नाच्या सिग्मुंड एक्सनरने १८९१ मध्ये किड्याचा नव्हे, तर किड्याच्या डोळ्यातून फोटो छापला. काजव्याच्या जातीतल्या एका कीटकाचा डोळा त्याने सोडवून घेतला, त्यामागे सूक्ष्मदर्शक लावला आणि त्या डोळ्यात पडलेली प्रतिमा टिपली. खिडकी, तिच्या काचेवर चिकटवलेले एक अक्षर आणि पलीकडचे चर्च, सगळे ओळखू येते. संयुक्त डोळ्याचे शेकडो तुकडे मिळून एकच सुलटी प्रतिमा बनू शकते, याचा तो पुरावा होता.

विसाव्या शतकात वाटा फुटल्या. अमेरिकेत डेव्हिड फेअरचाइल्डने कित्येक फूट लांब भात्याचा कॅमेरा बांधून आवारातले नाकतोडे आणि कोळी पानभर मोठे केले आणि १९१४ मध्ये त्यांचे पुस्तक काढले. पुढे त्साइस आणि लाइट्स या जर्मन कंपन्यांची अनुक्रमे ल्युमिनार आणि फोटार ही भात्यावर लावायची खास छोटी भिंगे आली. सूक्ष्मदर्शक आणि साधा कॅमेरा यांच्यामधली जागा त्यांनी भरून काढली.

मग प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन आले. मानफ्रेड फोन आर्डेनने १९३७ मध्ये बर्लिनमध्ये स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पाया घातला, केंब्रिजमध्ये चार्ल्स ओटली यांच्या गटाने तो कामाचा केला आणि १९६५ मध्ये तो बाजारात आला. इलेक्ट्रॉनांची शलाका अतिशय अरुंद कोनातून येते, त्यामुळे फोकसचा थर कैक पटींनी जाड मिळतो. मुंगी पहिल्यांदाच एका फोटोत अख्खी दिसली. पण त्यासाठी तिला निर्वात पोकळीत ठेवून अंगावर सोन्याचा मुलामा द्यावा लागतो, आणि चित्र येते ते राखाडी. छापताना त्यात जे रंग दिसतात ते नंतर भरलेले असतात. आकार समजून घ्यायला या यंत्राला तोड नाही. तरी भुंगेऱ्याच्या पाठीवरचा झळाळता हिरवा हा प्रकाशाचाच खेळ आहे, आणि तो पाहायचा तर प्रकाशाकडेच परतावे लागते.

प्रकाशाच्या बाजूने पहिला खरा तोडगा १९६० च्या दशकात डॅन मॅक्लॅक्लन यांनी मांडला. अंधारात कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवायचे. उजेडाची कागदासारखी पातळ चादर बाजूने सोडायची, नेमकी भिंगाच्या फोकसच्या पातळीवर. मग किड्याला त्या चादरीतून सावकाश सरकवायचे. ज्या क्षणी जो भाग उजळतो तो फोकसमध्येच असतो, बाकीचा अंधारात, म्हणून धुके फिल्मवर उमटतच नाही. संगणकाशिवाय, एकाच निगेटिव्हवर थरांची रास! उजेड फक्त बाजूने येत असल्याने चित्रे जरा कोरडी दिसतात, पण कल्पनेचे सौंदर्य वादातीत आहे.

हेच काम आकड्यांनी करण्याची रीत पीपर आणि कॉर्पेल यांनी १९८३ मध्ये छापली. फोकस थोडा थोडा बदलत बरेच फोटो घ्यायचे, प्रत्येक ठिपक्याजागी कोणत्या फोटोत तपशील सर्वांत ठसठशीत आहे ते मोजायचे आणि तेवढाच भाग उचलायचा. डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले तसे हेलिकॉन फोकस, झिरीन स्टॅकरसारख्या प्रोग्रामांनी हे घराघरांत नेले. त्याला आता सगळे ‘स्टॅकिंग’ म्हणतात. भिंगांचे म्हणाल तर मितुतोयो या जपानी कंपनीची ऑब्जेक्टिव्ह कारखान्यातल्या तपासणीसाठी बनली होती. त्यांच्या दहापट भिंगापुढे ३३ मिलिमीटरहून जास्त मोकळी जागा राहते आणि त्या जागेत दिवे मांडता येतात, म्हणून कीटकवाल्यांनी ती उचलली.

तरी हाताचे काम संपलेले नाही. एका केसामागून दुसरा केस जातो तिथे प्रोग्राम गोंधळतो, मागचा केस पुढच्यातून आरपार दाखवतो, कडांभोवती फिकट वलय सोडतो. मग माणूस मूळ फोटो शोधून ती जागा ब्रशने दुरुस्त करतो. ही लबाडी आहे का, असे विचारले जाते. मला नाही वाटत, जोवर भिंगाने कधीच न पाहिलेले काही चित्रात येत नाही तोवर. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातल्या कीटकांची छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांनी केलेली चित्रे बघा. एका कीटकासाठी ८,००० च्या आसपास फोटो, शरीराचे सुमारे ३० भाग, आणि प्रत्येक भागाला त्याच्या पोतानुसार वेगळा उजेड. हुकच्या प्रस्तावनेतले वाक्य इथे शब्दशः अमलात आलेले दिसते.

बिस यांचे कीटक संग्रहातले, टाचणीला टोचलेले होते. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेची मेरीलँडमधली मधमाश्यांची प्रयोगशाळाही मेलेल्या माश्यांचेच फोटो काढते. आधी त्यांना साबणाच्या पाण्यात धुऊन हवेने वाळवतात, म्हणजे चिकटलेले केस पुन्हा फुलतात. ते फोटो सगळ्या जगाला मोफत वापरता येतात. जिवंत किड्याचे स्टॅकिंग करणारे मात्र पहाटे उठतात, गवतावर दव असताना आणि किडा थंडीने आखडलेला असताना. शंभर मिळाले तर नशीब, बहुतेक वेळा वीस-तीस फोटो हाती लागतात. तेवढ्यात ऊन वर येते, मुंगी पुढचा पाय उचलून मिशी साफ करू लागते, आणि ती रास तिथेच मोडते.