पातालपानीच्या घाटातली धाप

चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. इंदूरजवळच्या महूच्या पुढे, पायथ्याच्या कालाकुंडपासून माथ्यावरच्या पातालपानीपर्यंतच्या घाटातला मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतराचा, मार्ग असा आहे. पायी चालणाऱ्याला हा चढ जेमतेम जाणवतो. आगगाडीला मात्र तो घाम फोडतो, आणि इंदूरच्या जुन्या मंडळींच्या आठवणीत इंजिनाची जी धाप अजून आहे ती याच घाटातली. ‘काय धापा टाकायचं हो इंजिन!’ असं म्हणून लोक पुढे कालाकुंडच्या पळसाच्या पानातल्या कलाकंदाकडे वळतात. मला मात्र धापेपाशीच थांबायचंय. त्या आवाजात पूर्ण हिशेब ऐकू येत असे.

हा रूळ इथे आला तो होळकरांच्या पैशानं. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजानं आणि १०१ वर्षांच्या मुदतीनं. मराठी माणसाला व्यवहार कळत नाही म्हणणाऱ्यांना हा कागद जरूर दाखवावा. त्या पैशातून खंडव्याहून इंदूरकडे होळकर स्टेट रेल्वे निघाली. मोरटक्क्याला नर्मदेवर १४ गाळ्यांचा पूल झाला, विंध्याचा कडा चढायला चार बोगदे खणले आणि १८७८ साली गाडी इंदुरात पोचली. पुढे हीच लाइन खंडव्यावरून अकोला, हिंगोली, पूर्णा अशी दक्षिणेच्या मीटर गेजला जोडली गेली. जयपूर ते सिकंदराबाद धावणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेनं जायची, आणि इंदूरच्या किती तरी मराठी घरांची सासर-माहेरं तिच्याच स्टेशनांवर वसलेली होती.

आता चढाकडे. सपाट रुळावर एक टन वजन ओढायला तीनेक किलोचा जोर पुरतो. लोखंडावर लोखंड फिरताना घर्षण इतकं कमी असतं, रेल्वेची सगळी श्रीमंती यातच आहे. पण चाळिसात एक असा चढ आला की गुरुत्वाकर्षण दर टनाला आणखी २५ किलो मागतं. तीनचे झाले अठ्ठावीस, म्हणजे नऊपटींहून जास्त. सपाटीवर मजेत धावणारी गाडी घाटाच्या तोंडाशी अचानक नऊ गाड्यांएवढी होते म्हणायची.

बरं, इंजिनात वाफ भरपूर असली म्हणून भागतं का? नाही. कमी घर्षणाचं जे वरदान, तेच इथे आडवं येतं. चाकानं रूळ धरायला हवा, आणि कोरड्या रुळावर ही पकड चालत्या चाकांवरच्या, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवतं त्यांच्यावरच्या, वजनाच्या साधारण पाव हिश्श्याएवढीच असते. या लाइनीवरची मालगाडीची इंजिनं वाय-जी जातीची. टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा मागचा डबा, धरून एकाचं वजन जवळपास शंभर टन, पण वाफेनं फिरणाऱ्या आठ चाकांवर त्यातले बेचाळीसच टन यायचे. बाकीचं सगळं इंजिनानं स्वतः वाहायचं ओझं. बेचाळिसाचा पाव भाग, म्हणजे साडेदहा टनांची ओढ. दर टनाला अठ्ठावीस किलोप्रमाणे ती ३७५ टनांना पुरते. त्यातून इंजिनाचे स्वतःचे शंभर वजा करा. उरले पावणेतीनशे, म्हणजे भरलेले नऊएक डबे. रिमझिम सुरू झाली की पकड पाव हिश्श्यावरून पंधरा टक्क्यांवर येते आणि तोच हिशेब चार डब्यांवर उतरतो. मोठा पाऊस त्यामानानं बरा, तो रूळ धुऊन काढतो. खरा वैरी म्हणजे पहिली भुरभुर. गंज, धूळ आणि पालापाचोळा कालवून ती रुळावर बुळबुळीत लेप चढवते. आषाढातल्या विंध्यात याची कमतरता कधीच नव्हती.

म्हणून कालाकुंडला मागून दुसरं इंजिन लागायचं. मागूनच का? दोन्ही इंजिनं पुढे जोडली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे जोडणाऱ्या कडीवर, सगळा ताण येतो. ती तुटली तर डबे उताराला लागतात. मागचं इंजिन ढकलतही राहतं आणि पाठ राखूनही असतं. पुढचा आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांना दिसत नसत, बोलणं सगळं शिट्यांनी.

धाप म्हणजे काय, तर सिलिंडरमधून काम संपवून बाहेर फेकलेली वाफ. दोन सिलिंडर, प्रत्येकाचा दट्ट्या जाताना आणि येताना दोन्हीकडे ढकलला जातो. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात चार भक्क. वाय-जीच्या चालत्या चाकाचा व्यास चार फूट, म्हणजे परीघ ३.८ मीटर. एका भक्काला गाडी सुमारे ९६ सेंटिमीटर पुढे! डोळे मिटून बसलेल्या माणसालाही सेकंदाला किती भक्क ते मोजून वेग काढता यावा. सेकंदाला चार, तर ताशी चौदा किलोमीटरच्या आसपास.

ही वाफ चिमणीखालच्या नळीतून जोरात सुटताना भट्टीतला धूर बरोबर ओढून नेते, आणि भट्टीत मागून ताजी हवा शिरते. काम जितकं जड, तितका भक्क मोठा आणि तितका विस्तव फुललेला. पंखा नाही, मोटर नाही, माणसाची आज्ञाही नाही. वाफेच्या इंजिनातली मला सगळ्यात आवडणारी करामत हीच.

पण त्याच चार भक्कांत एक खोडही होती. चाकाला मिळणारा जोर एकसारखा नसायचा, फेऱ्यात तो चार वेळा चढायचा आणि उतरायचा. पकड नेमकी चढत्या क्षणी सुटायची. मग लय एकदम मोडायची, भक्क-भक्कचं फाडफाड व्हायचं, चाकं जागच्या जागी गरगरायची आणि गाडी पुढे सरकायची नाही. ड्रायव्हर पटकन वाफ कमी करायचा, इंजिनाच्या पाठीवरच्या डब्यातली वाळू नळीनं चाकाखाली सोडायचा आणि हळूहळू पुन्हा सुरुवात. इंजिनात रेती भरलेली का असते, याचं उत्तर घाटात मिळायचं.

घाटमाथ्यावर पोचलं म्हणजे सुटलो, असंही नव्हतं. बॉयलर म्हणजे आडवं लांब पिंप, त्याच्या मागच्या टोकाला भट्टी. भट्टीच्या छतावर पाणी सतत असायलाच हवं, नाहीतर ते छत तापून मऊ पडतं आणि बॉयलर फुटतो. चिमणी पुढे ठेवून चढताना पाणी मागे, भट्टीकडे जमतं. उताराला लागलं की तेच पाणी पुढे धावतं. चाळिसात एकच्या उतारावर पाच मीटर लांबीत पातळीचा फरक साडेबारा सेंटिमीटर पडतो. काचेच्या नळीत मघाशी भरपूर दिसणारं पाणी बघता बघता खाली जातं. त्यामुळे अनुभवी फायरमन उतार लागायच्या आधीच बॉयलर भरून घ्यायचा. त्यातूनही चूक झालीच तर छतात बसवलेली शिशाची गुडदी वितळायची आणि वाफ भट्टीत घुसून विस्तव दाबायची.

खाली जातानाचा हिशेब वेगळाच. अडीचशे टनांची गाडी एक किलोमीटर उतरली की पंचवीस मीटर खाली येते, आणि तेवढ्यात सहा कोटी ज्यूलांहून जास्त ऊर्जा मोकळी होते. दोनशे लिटर पाण्याला जवळजवळ उकळी आणेल एवढी. ती जवळपास सगळी ब्रेकच्या लोखंडी ठोकळ्यांनी पचवायची. म्हणून पातालपानीला गाडी थांबवून ब्रेक तपासल्याशिवाय उतारावर घालत नसत. तिथेच इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या टंट्या भिलाचं, लोकांच्या टंट्या मामाचं, स्थान आहे. इंग्रजांनी त्याला १८८९ साली जबलपूरला फाशी दिलं आणि देह इथे आणून टाकला, असं सांगतात. गाडी टंट्या मामाला सलामी द्यायला थांबते, नाहीतर घाटात दगाफटका होतो, अशी या भागातली श्रद्धा. रेल्वेच्या लेखी ती ब्रेकची तपासणी. न थांबता उतरलेल्या गाडीचं काय होईल, याबद्दल दोन्ही पक्षांचं एकमत आहे.

साठच्या दशकात अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं वाय-डी-एम-४ हे डिझेल इंजिन मीटर गेजवर आलं, पुढे ते वाराणसीला बनू लागलं आणि महूच्या शेडमध्येही नांदलं. १,३५० अश्वशक्ती, बहात्तर टन वजन आणि ते सगळंच्या सगळं चालत्या चाकांवर. टेंडर नाही, फुकटचं ओझं नाही. बहात्तराचा पाव भाग अठरा टन, वाय-जीच्या साडेदहाशी ताडून बघा. शिवाय डिझेल आधी वीज तयार करतं आणि ती विजेच्या मोटरी फिरवते, त्यामुळे जोर एकसारखा मिळतो, भक्कांची खोड नाही. कोळशातली जेमतेम सहा-सात टक्के ऊर्जा वाफेच्या इंजिनात चाकापर्यंत पोचायची, डिझेलनं ती पाव हिश्श्याच्या घरात नेली. एवढं होऊनही कालाकुंडला मागून ढकलणारं इंजिन गेलं नाही. कमी वेगात जास्त ओढायला लागलं की मोटरींमधून प्रचंड करंट जातो आणि त्या तापतात. वाफेच्या इंजिनाची अडचण कानांना कळायची. डिझेलची अडचण ड्रायव्हरसमोरच्या काट्यावर दिसायची आणि डब्यात बसलेल्यांना एकसुरी घरघरीपलीकडे काही ऐकू यायचं नाही. वाफेच्या आठवणी डिझेलपेक्षा गडद का, याचं निम्मं कारण मला हेच वाटतं.

डिसेंबर २०१८ पासून पातालपानी-कालाकुंड या तुकड्यावर हेरिटेज गाडी धावू लागली, डिझेल इंजिनावर. महू-खंडव्याची ब्रॉडगेज मात्र या घाटातून न्यायची नाही असं ठरलं. तिच्यासाठी वळसा घेणारा, जास्त लांबीचा आणि सौम्य चढाचा मार्ग आखला आहे. त्यात नवे बोगदे, पूल, जमीन असा मोठा खर्च आहे, पण तो एकदाच करायचा. चाळिसात एकच्या चढावर दर टनामागचे पंचवीस किलो प्रत्येक गाडीला दर खेपेला मोजावे लागतात.