जुना रेंजफाइंडर कॅमेरा दुकानात आणण्यापूर्वी

वाड्याच्या माळ्यावर, आजोबांच्या लोखंडी कपाटात सापडलेले रेंजफाइंडर कॅमेरे (लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघून फोकस जुळवायचे) घेऊन नाशिकचे बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "याचे किती येतील?" ते सांगण्याआधी कॅमेरा कोणत्या घडणीचा आहे हे बघावं लागतं. नाव तेच ठेवून कारखाने आतबाहेर बदल करत राहिले, आणि सुटे भागही त्या घडणीप्रमाणेच लागतात.

सगळ्यात जास्त येतो तो याशिका इलेक्ट्रो ३५. पहिला १९६६ चा, नावापुढे अक्षर नसलेला. पुढे जी, जीएस आणि १९७३ मध्ये जीएसएन आला. काळ्या बॉडीचे ते जीटी आणि जीटीएन. जीएस आणि जीएसएन समोरासमोर ठेवले तर फ्लॅश बसवायच्या खाचेत बघा: मध्ये धातूचा संपर्कबिंदू असेल तर तो जीएसएन. या दोघांवर फिल्मचा एएसए (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) १००० पर्यंत लावता येतो, पहिल्या मॉडेलवर एवढा नाही. मूळचा ५.६ व्होल्टचा पारायुक्त सेल आता बनत नाही. अडॉप्टर लावून ६ व्होल्टचा सेल चालतो, त्यामुळे "सेल मिळत नाही" म्हणून कॅमेरा भंगारात देऊ नका.

सोव्हिएत संघातल्या कॅमेऱ्यांत खरी गंमत आहे. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये बनलेल्या झोर्की-४ च्या सीरियल नंबरचे पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात. ६७ ने सुरू होत असेल तर १९६७. त्याच कारखान्याच्या ज्युपिटर-८ लेन्सलाही हाच नियम लागतो. बॉडी ६७ ची आणि लेन्स ५९ ची निघाली, तर जोडी नंतर जमवलेली आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त "मूळ संच" म्हणून जादा पैसे मोजू नका. युक्रेनमधल्या खार्किवला बनलेल्या फेड कॅमेऱ्याला मात्र हा हिशेब लावायला जाऊ नका. आणि झोर्की-४ चा शटर स्पीड फिल्म वाइंड केल्यानंतरच बदलायचा; आधी बदलला की यंत्रणा बिघडू शकते.

सोनेरी मुलामा, गरुड आणि स्वस्तिक कोरलेली "युद्धकाळातली लायका" (लायका हा जर्मन कॅमेरा) कुणी दाखवली, तर लेन्स फिरवून काढा आणि आत बघा. रेंजफाइंडरच्या दांडीच्या टोकाला जुन्या स्क्रू माउंट (लेन्स आट्यांनी फिरवून बसवायच्या) लायकात गोल चाक असतं. फेड आणि झोर्कीत पाचरीसारखा तुकडा. पाचर दिसली की समजा, सोव्हिएत बॉडीवर नाव कोरलंय. शोभेला छान, पण लायकाच्या भावात नको.

खरी लायका एम३ (१९५४ ते १९६६) क्वचितच येते. सुरुवातीच्या एम३ ला फिल्म पुढे न्यायला लिव्हर दोनदा ओढावा लागतो, नंतरच्यांना एकदाच. पण जुन्यांपैकी काही पुढे एकदाच ओढायच्या करून घेतल्या गेल्या. म्हणून आम्ही स्पीडची तबकडीही बघतो (जुनीवर ५०, म्हणजे १/५० सेकंद; नवीवर ६०) आणि फिल्म दाबणारी पट्टी काचेची आहे की धातूची, तेही. एका खुणेवर निकाल देत नाही.

आणण्यापूर्वी पितळ चमकवायची पावडर किंवा सॅंडपेपर लावू नका. कोरीव अक्षरांतला रंग गेला की किंमतही जाते. मागचं झाकण उघडण्याआधी रिवाइंडची चकती बाणाच्या दिशेने हळूच फिरवा. ताण जाणवला तर आत रोल असू शकतो. तसाच घेऊन या. लेन्सवर बुरशी दिसली तरी घरी पुसू नका. चामड्याचं कव्हर, जुनं बिल, वॉरंटी कार्ड, जे सापडेल ते सोबत आणा.