बाभळीचा काटा आणि काडेपेटी: प्रयोगातून विज्ञान शिकवण्याची पार्श्वभूमी

विज्ञान मुलांना आवडावे म्हणून आज जागोजागी प्रदर्शने आणि कार्यशाळा होतात. त्यांत मुलांच्या हाती स्वस्त साहित्य देऊन ‘करून पाहा’ म्हणण्याची जी पद्धत आहे, तिचा मोठा धागा मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यापर्यंत जातो. तेथे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी १९७२ साली १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. दिल्ली विद्यापीठ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञ त्यासाठी गावात येऊन शाळेतल्या शिक्षकांबरोबर काम करीत.

या कार्यक्रमात चार-चार मुलांच्या टोळ्या स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे आपापल्या शब्दांत वहीत उतरवीत आणि मग वर्गात त्यांवर चर्चा होई. ‘बाल वैज्ञानिक’ हे त्यांचे पुस्तक उत्तरे देण्यापेक्षा प्रश्नच अधिक विचारी. फुलाचे भाग सुटे करायला बाभळीचा काटा चाले, कारण तो प्रत्येक गावात फुकट मिळतो. मुलांनी शंका पत्राने विचाराव्यात म्हणून ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते आणि त्याच्या नावाने पत्रांना उत्तरे जात. पण माझ्या मते सर्वांत धाडसाचा बदल परीक्षेतला होता. मुले पुस्तक आणि वही सोबत घेऊन पेपर लिहीत आणि प्रयोगाचीही परीक्षा देत, त्यामुळे घोकंपट्टीला फारसा अर्थच उरला नाही.

१९७८ मध्ये अभियंते अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन या कार्यक्रमात दाखल झाले. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काडेपेटीतल्या काड्या यांपासून त्यांनी जे सांगाडे बनवले, ते आज अनेक शिक्षकांना ठाऊक आहेत. काड्यांचा गुल खरवडून नळीच्या छोट्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी घातली की सांधा तयार होतो. असे तीन सांधे जोडून केलेला त्रिकोण बोटाने कितीही दाबला तरी आकार बदलत नाही. चौकोन मात्र हलक्या धक्क्यानेही कलंडतो आणि त्यात एक तिरपी काडी बसवताच ताठ होतो. छपराच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे करून पाहणाऱ्या मुलाला मग कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रातही त्याच सुमारास हालचाल सुरू झाली होती. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले आणि त्याने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांबरोबर काम केले. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषाच मुलांना विज्ञानापासून दूर ठेवते, हा मुद्दा केंद्राने लावून धरला. मराठी माध्यमातल्या मुलांच्या दृष्टीने तो फार मोलाचा होता, आणि आजही आहे.

पुण्यात जयंत नारळीकरांनी आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, तेव्हा शालेय मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शास्त्रज्ञांची व्याख्याने ठेवली. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि स्वतः उत्तर देत. आयुकाच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिका, म्हणजे मुलांचे विज्ञान केंद्र, पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानने दिलेल्या देणगीतून उभी राहिली. अरविंद गुप्ता २००३ पासून सुमारे दशकभर तिथेच काम करीत होते. टाकाऊ वस्तूंची त्यांची खेळणी तिथूनच चित्रफितींच्या रूपाने मराठीसह अनेक भाषांत पोहोचली.

होशंगाबादची गोष्ट मात्र वेगळ्या वळणावर गेली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने कार्यक्रमाची धुरा घेतली आणि तो १५ जिल्ह्यांतील सुमारे १,००० शाळांपर्यंत वाढवला. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. खेळणी आणि चित्रफिती शाळेबाहेर वाढत राहिल्या, पण ज्या शाळांत मुले वही उघडून विज्ञानाचा पेपर लिहीत होती, तिथे पुन्हा नेहमीचे पुस्तक आणि नेहमीची परीक्षा आली.