ईडीएच की एसडीएच : रक्त ड्युराच्या वर की खाली?

"डोक्यात रक्त साचलंय." नातेवाइकांना एवढं सांगितलं तरी पुरतं. आपल्याला मात्र लगेच पुढचा प्रश्न पडायला हवा, की ते ड्युराच्या, म्हणजे मेंदूवरच्या सगळ्यात बाहेरच्या आवरणाच्या, वर साचलंय की खाली? वर असेल तर एक्स्ट्राड्युरल हिमॅटोमा (हिमॅटोमा म्हणजे साचलेलं रक्त), थोडक्यात ईडीएच. खाली असेल तर सबड्युरल, एसडीएच. परीक्षेत या दोघांची अदलाबदल हमखास होते, कारण आपण तक्ता पाठ करतो आणि थर डोळ्यांसमोर आणत नाही.

तर आधी थर. कवटीला आतून चिकटलेलं जाड, चिवट आवरण म्हणजे ड्युरा मेटर. त्याच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं अ‍ॅरॅक्नॉइड, आणि मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरलेलं पाया मेटर. शेवटच्या दोघांमध्ये सीएसएफ, म्हणजे मेंदूभोवतीचं पाण्यासारखं द्रव, खेळतं. हाड आणि ड्युरा, किंवा ड्युरा आणि अ‍ॅरॅक्नॉइड, यांच्यात एरवी मोकळी जागा नसतेच. रक्त तिथे घुसून स्वतःची जागा करतं.

ईडीएचची गोष्ट बहुतेकदा कानशिलापाशी सुरू होते. तिथलं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून मिडल मेनिंजियल आर्टरी जाते. बाइकवरून पडून हाड तडकलं की ही धमनी फाटते. धमनीचं रक्त दाबानं येतं आणि ड्युराला हाडापासून सोलत जातं. कवटीच्या सांध्यांपाशी ड्युरा घट्ट चिकटलेला असल्यानं रक्ताला सहसा पलीकडे जाता येत नाही, म्हणून ते आत फुगतं आणि सीटीवर भिंगासारखा आकार दिसतो. यातल्या काही पेशंटमध्ये फसवा मधला काळ येतो: थोडी बेशुद्धी, मग शुद्धीवर येऊन बोलणं-चालणं, आणि काही तासांत पुन्हा घसरण. 2009 साली कॅनडात स्कीइंग करताना पडलेली अभिनेत्री नताशा रिचर्डसन सुरुवातीला ठीक दिसत होती, तिनं मदत नाकारली. दोन दिवसांनी ती गेली. कारण ईडीएच.

एसडीएच समजायला सुकलेला नारळ हलवून बघा, आत गोटा खुळखुळतो. वयानं किंवा वर्षानुवर्षांच्या दारूनं मेंदू आक्रसतो तेव्हा असंच होतं. मेंदूकडून ड्युरातल्या सायनसकडे (अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या पोकळ्यांकडे) जाणाऱ्या शिरा, म्हणजे ब्रिजिंग व्हेन्स, ताणल्या जातात, आणि मोरीत घसरण्यासारखं साधं निमित्तही त्या तुटायला पुरतं. शिरेचं रक्त संथपणे पसरतं. त्याला कवटीचे सांधे अडवत नाहीत, म्हणून सीटीवर चंद्रकोर दिसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो.

इथे एक सोपं सूत्र पाठ होतं आणि ते चुकीचं आहे: ईडीएच झटपट, एसडीएच सावकाश. सावकाश असतो तो क्रॉनिक एसडीएच. जोरदार अपघातात होणारा अक्यूट एसडीएच तासांचाच खेळ असतो, आणि त्याच्याखाली बहुतेकदा मेंदूलाही मार बसलेला असल्यानं तो साधारणपणे ईडीएचपेक्षा वाईट ठरतो. ईडीएचमध्ये मेंदू पुष्कळदा शाबूत असतो. वेळेत ऑपरेशन झालं तर पेशंट चालत घरी जाऊ शकतो.

दोन्हींत जीव जातो तो दाबामुळे. कवटी बंद डबा आहे. आत ढोबळमानानं 80 टक्के मेंदू, 10 टक्के रक्त, 10 टक्के सीएसएफ. चौथा पाहुणा आला की आधी सीएसएफ आणि शिरांतलं रक्त सरकून जागा देतात. ती सोय संपली की थोड्याशा वाढीनंही आयसीपी, म्हणजे कवटीच्या आतला दाब, झपाट्यानं चढतो. मोठ्या माणसात तो एरवी 5 ते 15 एमएमएचजी असतो. मेंदूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे सरासरी बीपी वजा आयसीपी. सरासरी बीपी 90 आणि आयसीपी 15 असेल तर 75 मिळतात. आयसीपी 40 झाला की उरतात 50, आणि मेंदू उपाशी पडायला लागतो.

बीपी वाढलं, पल्स मंदावली, श्वास अनियमित झाला, ही कुशिंगची त्रयी. तिची वाट पाहू नका, ती फार उशिरा येते. त्याआधी माणूस गुंगतो, ओकतो, जीसीएस, म्हणजे शुद्धी मोजायचा स्कोअर, एक-दोन गुणांनी उतरतो, एका बाजूची बाहुली मोठी होऊन उजेडाला मंद होते. ईडीएचच्या संशयात "झोपलाय, झोपू दे" हे वाक्य नाईट ड्यूटीला चालत नाही. त्याला उठवा, जीसीएस घ्या, लिहा, आणि घसरण दिसली तर त्याच क्षणी डॉक्टरांना कळवा. मणक्याला मार नाही हे ठरलं असेल तर डोक्याची बाजू 30 अंश वर आणि मान सरळ ठेवा. मान वळली की गळ्यातल्या शिरा दबतात आणि डोक्यातलं रक्त उतरत नाही.

क्रॉनिक एसडीएचमध्ये कुणी धावत येत नाही. आजी हल्ली विसरतात, एक पाय ओढतात, डोकं दुखतं म्हणतात. घरचे म्हणतात, वय झालं. पडल्याचं कुणी आपणहून सांगत नाही, कारण तेव्हा टेंगूळही आलं नव्हतं. म्हणून नोंद घेताना आजचं विचारून थांबू नका: "गेल्या दीड-दोन महिन्यांत आजी कुठे धडपडल्या होत्या का? आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?"